अडतीस नंबरची खुंटी

मेलबर्न,
२४ नोव्हेंबर १९८६

प्रिय ग्वेन,

गेल्या सोमवारपासून सराव सुरू झाला. फुटबॉलच्या मोसमाला अजून चार महिने आहेत, उन्हं अशी की कुंपणाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला तर चटका बसतो, आणि तरी आम्ही सगळे येडे आपापल्या जागी हजर. बेरिल टूही विणकाम घेऊन आली. कॉन दुकानातलं तळण बायकोच्या गळ्यात टाकून आला, बरोबर गार झालेल्या बटाट्यांची पुडी. पोरांनी मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली तसा म्हणाला, "तो मागचा लाल्या बघा. सुट्टीभर माझ्याच दुकानात पडीक होता. अर्धा डबा तेल आहे त्याच्या पोटात." बेरिल सुयांवरून नजर न काढता म्हणाली, "मग तू का हसतोस? पाप तुझंच आहे."

नव्या पोरांना अजून आकडे मिळालेले नाहीत. ती पांढऱ्या बनियनवर धावतात, त्यामुळे आम्ही त्यांना कानांवरून नाहीतर चालीवरून ओळखतो. एक केल्विन रूक म्हणून आहे, डिंबूला गावचा. बाप मेंढ्या कातरतो. पोराचे कान म्हणजे दोन्ही दारं उघडी टाकलेली मोटार. धावताना वाटतं हा काही वेळेवर पोचत नाही, आणि चेंडू पडतो तिथे हाच उभा असतो. बेरिलला पटलेला दिसतो, कारण तिने त्याला अजून एकही शिवी दिलेली नाही.

सामानघर सांभाळणाऱ्या नॉर्मला भेटून आलो. अडतीस नंबरची खुंटी तशीच आहे. जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलेली. दरवर्षी लिहितो तसं यंदाही लिहितो, क्लबने आपल्या रॉसचा मान राखला आहे.

तुला एक विचारायचं होतं. पण आज उन्हाने डोकं दुखतंय. पुढच्या पत्रात.

एड्नाला आठवण सांग.

तुझा,
लेस


बर्नी, टास्मानिया,
३ डिसेंबर १९८६

लेस,

पत्र पोचलं. कॉनच्या बटाट्यांपासून बेरिलच्या जिभेपर्यंत सगळं कळलं, फक्त तू काय जेवतोस ते कळलं नाही. डबाबंद शेंगदाण्यांवर दिवस काढत असशील तर तसं लिहू नकोस, मला माहीत आहे.

इथे बरं आहे. एड्नाच्या दुकानात पडदे शिवते. गिऱ्हाइकं येतात, कापड बघतात, हवापाण्याचं बोलतात. मला मुलं किती, असं इथे कोणी विचारत नाही, कारण एड्नाने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे आणि त्याचाच मला रागही येतो.

तू सरावाचं लिहितोस तेव्हा मला अजूनही ते पहिलं वर्ष आठवतं. रॉस ऑक्टोबरात गेला. मासे पकडून परत येताना गाडी झाडावर गेली, आणि दोन मोसम खेळलेला आपला पोरगा तिथेच संपला. आणि नोव्हेंबर उजाडला तसा तू खुर्ची बगलेत मारून कुंपणाशी गेलास. दुसऱ्यांची पोरं धावताना बघायला! मी तेव्हा बोलले नाही. बॅग भरली. माणसं म्हणतात, नवऱ्याला सोडून गेली. मी तुला सोडलं नव्हतं रे, मला ती शिट्टी ऐकवत नव्हती. घरापर्यंत ऐकू येते ती.

पण खुंटीचं लिहितोस ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. त्या जर्सीवरचा आकडा माझ्या हातचा आहे. आम्ही बायका हॉलमध्ये बसून सगळ्या पोरांचे आकडे शिवत होतो, आणि अडतीस बेरिलच्या ढिगात गेला होता. मी तिला दोन जर्सी जास्तीच्या घेते म्हणाले, तेव्हा कुठे तिने तो सोडला. इतक्या मोठ्या क्लबने एका पोराची खुंटी तशीच राखून ठेवावी, याने मला किती बरं वाटतं ते तुला नाही कळायचं. माझा पोर कुठेतरी अजून ठेवलेला आहे असं वाटतं.

काय विचारायचं होतं ते एकदाचं विचार. बिळाबाहेरच्या मांजरासारखा घुटमळू नकोस.

ग्वेन


मेलबर्न,
१४ डिसेंबर १९८६

प्रिय ग्वेन,

विचारतो. हातात कात्री असेल तर आधी खाली ठेव.

गेल्या गुरुवारची गोष्ट. मी कुंपणाशी उभा होतो. पोरं मैदानाच्या पार पलीकडे, गोलच्या चार खांबांच्या बाजूला सराव सामना खेळत होती. उन्हाने हवा थरथरत होती. चेंडू उंच गेला आणि गर्दीतून एकजण निघाला, पाठमोरा, आणि त्याच्या पाठीवर अडतीस होता.

ग्वेन, मला माहीत होतं की तो रॉस नाही. मी काही म्हातारचळ लागलेला माणूस नाही. पण मी कठडा धरला तो सुटेचना, हाताला चटका बसतोय हेही कळलं नाही. बेरिलने विणकाम खाली ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ही तीच बेरिल, जी स्वतःच्या नवऱ्याच्या मयतीला पावसावर चिडली होती. म्हणाली, "बघ लेस, बघून घे. परत धावतोय."

तो केल्विन होता, डिंबूलाचा. नॉर्मने त्या दिवसापुरती त्याला जर्सी घालून बघितली, अंगाला बसते का म्हणून. बसते. खांद्यात जरा सैल आहे, भरेल.

क्लबची इच्छा आहे की यंदा अडतीस त्याला द्यावा. पोराने स्वतः मागितलाय. फेब्रुवारीत नव्या पोरांना जर्सी देतात त्या दिवशी ती तू आणि मी त्याच्या हातात द्यावी, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. आपण हो म्हटल्याशिवाय ते काही करणार नाहीत.

हो म्हण, ग्वेन. बोटीचं तिकीट मी काढतो. तुझी खोली झाडून ठेवतो. त्या दिवसापुरती ये, मग वाटलं तर परत जा.

तुझा,
लेस


बर्नी,
२० डिसेंबर १९८६

लेस,

नाही.

तीन वर्षं ज्याला कोणी हात लावला नाही, त्याला हे आता हात लावणार, आणि तो सोहळा आपल्याच हातून करवून घेणार? आणि तू उड्या मारत तिकीट काढायला निघालास! तुला घर खायला उठत असेल तर कुत्रा पाळ. माझ्या मुलाच्या पाठीवरचं काढून दुसऱ्याच्या पोराला चढवू नकोस.

त्या केल्विनशी माझं वैर नाही. भला असेल, कान मोठे असतील. त्याला पंचवीस द्या, पन्नास द्या. त्याची आई जिवंत मुलाच्या अंगावर कुठलाही आकडा बघेल आणि खूश होईल. मला एकच आकडा आहे.

तू लिहितोस, परत धावतोय. कोण धावतोय, लेस? रॉस टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. तो धावत नाहीये. त्याच्या नावाची एक खुंटी आहे, तेवढी राहू द्या.

मी आज सकाळीच अध्यक्षांना पत्र टाकलंय. तुझ्या हाती नाही दिलं, तू मधेच गिळलं असतंस.

नाताळ सुखाचा जावो.

ग्वेन


मेलबर्न,
२ जानेवारी १९८७

प्रिय ग्वेन,

नाताळला कॉनच्या घरी जेवलो. त्याच्या सासूने मला तीनदा मेंढीचं मटण वाढलं आणि प्रत्येक वेळी रडली. तिला इंग्रजी येत नाही, मला ग्रीक येत नाही. आमचं उत्तम जमलं.

खरंच पत्र टाकलंस, की माझ्यावर नुसती तोफ डागलीस? टाकलं असशील तर मागे घे. फोन कर, तार कर. अध्यक्षांना सांग की विचार करायला वेळ हवाय. कारण विचारू नकोस. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. भिंतीला हिरवा रंग नको म्हटलं होतं, तेही तू ऐकलं नाहीस.

सुट्टी संपवून पोरं परत आलीत. केल्विन पुन्हा पांढऱ्या बनियनवर आहे. पाण्याच्या वेळी तो कुंपणाशी माझ्याकडे आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "माझं काही चुकलं का हो? नॉर्म म्हणतो, थांब." मी म्हटलं, "तुझं काही नाही रे पोरा. तू पळ." तो गेला पळायला. पण एका उंच झेलाला उडी मारताना कचरला. पहिल्यांदाच.

ऊन फार आहे. मला नीट लिहिता येत नाहीये. तेवढा फोन कर.

लेस


बर्नी,
११ जानेवारी १९८७

प्रिय लेस,

रागावू नकोस. फोन केला नाही, कारण गरज पडली नाही. क्लबचं उत्तर आलं.

किती सज्जन माणसं आहेत! अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्यांनी सभा घेऊन ठराव केलाय की अडतीस नंबर यापुढे कोणालाही द्यायचा नाही. कधीच नाही. जर्सी काचेच्या चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लावणार आहेत, खाली रॉसचं नाव. मी ते पत्र एड्नाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग दोघी बसून रडलो. त्यानंतर मी झोपले ती सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुला वाईट वाटलं असेल, मला कळतं. तुला तो आकडा धावताना बघायचा होता, मला तो जपलेला हवा होता. आईबापांची दुःखं सारखी नसतात. पण बघ ना, ज्या माणसांनी तीन वर्षं कोणी न सांगता त्याचा मान राखला, त्यांना मी एवढंच म्हणाले की असाच राखा. यात मी कोणाचं काय हिरावलं?

त्या पोराला माझ्या वतीने सांग, राग मानू नकोस. चौकट लावतील तेव्हा मी येईन, लेस. खरंच येईन. तेव्हा आपण दोघं बोलू.

तुझी,
ग्वेन


मेलबर्न,
१९ जानेवारी १९८७

ग्वेन,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता पाठवतोय.

क्लबने मान राखला नव्हता. ते मी रचलं होतं. अडतीस रिकामा होता, कारण तो कोणी घेत नव्हतं.

रॉसच्या आधी ज्याच्याकडे तो होता त्याचा गुडघा गेला. त्याच्या आधीच्याचा पाय मोडला. मग रॉस. पोरांनी हिशेब जुळवला. पहिल्या उन्हाळ्यात बॅलरॅटहून एक चुणचुणीत पोरगा आला होता. नॉर्मने जर्सी पुढे केली, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. दुसऱ्या वर्षी अ‍ॅडलेडचा एक धिप्पाड गडी, भुताला भीत नाही म्हणायचा. आकडा ऐकला आणि म्हणाला, दुसरं काहीही द्या. गेल्या वर्षी तर एकाच्या आईनेच फोन केला, आमच्या मुलाला तो नको. त्याला पनवती म्हणतात, ग्वेन. आंघोळीला जाताना पोरं त्या खुंटीजवळून जात नाहीत, बाकाला वळसा घालून जातात. आपल्या रॉसला वळसा घालून जातात. नॉर्मने जर्सी पिशवीत घातली ती मानाने नाही. कोणाला नजरेसमोर नको होती.

पहिल्या नोव्हेंबरात मी कुंपणाशी गेलो तो दुसऱ्यांची पोरं बघायला गेलो नव्हतो. अडतीस घालून कोण बाहेर येतो ते बघायला गेलो होतो. मला वाटलं होतं, कोणीतरी येईल. आपला पोर आठवणीतून तरी त्या मैदानावर जाईल. कोणी आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. घरी येऊन तुला काय लिहिणार होतो? की ज्या आकड्यासाठी तू बेरिलशी भांडलीस त्याच्याकडे पोरं बघत नाहीत? म्हणून मी लिहिलं, मान राखलाय. तुझं उत्तर आलं, फार बरं वाटलं म्हणून. मग मला ते दरवर्षी लिहावं लागलं.

यंदा केल्विन आला. नॉर्मने उरलेले आकडे सांगितले आणि अडतीस गाळला. पोराने विचारलं, "हा का गाळला?" नॉर्मने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो माणूस वाईट होता का?" नॉर्म म्हणाला, "माणूस सोनं होता." "मग आणा इकडे," म्हणाला. बस. एवढंच. मेंढ्या कातरणाऱ्याचा पोर, कोणावर छाप पाडायला बोलला नव्हता. मी सामानघराच्या दारात उभा होतो, त्याला माहीत नव्हतं.

तो एकटाच होता, ग्वेन. तीन वर्षांत एकटा. आणि तू त्याला दारातून परत पाठवलंस.

दोष तुझा नाही, माझा आहे. मी तुला खरं सांगितलं असतं तर तू चालत आली असतीस बासची सामुद्रधुनी ओलांडून. हे मला कळतंय, तरी मी तुझ्यावर रागावलोय. माझ्याने आता कुंपणाशी जाववत नाही. खुर्ची शेडमध्ये ठेवली. बेरिल येऊन दार वाजवून गेली, मी उघडलं नाही.

केल्विनला चव्वेचाळीस दिलाय.

लेस


बर्नी,
२४ फेब्रुवारी १९८७

प्रिय लेस,

महिना झाला, उत्तर लिहिलं नाही. लिहिण्याऐवजी मी येऊन गेले.

तुझं पत्र वाचल्यावर काही दिवस मी मशीनवर बसले नाही. आधी तुझा राग आला. मग त्या पोरांचा आला, त्या वळसा घालणाऱ्यांचा. मग राग करायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. एड्नाने बोटीचं तिकीट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "जा आणि परत माग."

मी थेट क्लबात गेले. अध्यक्षांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, "मी चुकले, माझं पत्र मला परत द्या." ते बिचारे गडबडले. चौकट भिंतीवर लागली होती, ती त्यांनी मला दाखवली. मी बघितली नाही. मग म्हणाले, "मिसेस प्रेंडरगास्ट, तुमची इच्छा असेल तर ठराव फिरवता येईल. मोसम अजून सुरू झालेला नाही. फक्त केल्विनला विचारा, तो आता चव्वेचाळीस घालतो. तो हो म्हणाला तर आमची ना नाही."

म्हणजे होत होतं, लेस. मी चहा तसाच ठेवून उठले. मी कुंपणाशी आले. तुझी जागा रिकामी होती. बेरिलने मला बघितलं आणि विणकाम ठेवून उठली. कॉनने नुसती पुडी पुढे केली. सराव सुरू होता, म्हणून मी पोर मोकळा होईपर्यंत थांबायचं ठरवलं.

बेरिलच्या पलीकडे एक बाई उभी होती. एवढ्या उकाड्यात अंगात जाड लोकरीचा कोट. चेहरा लाल झालेला, घाम निथळत होता. कॉन म्हणाला, "बाई, मी तळणीपाशी उभा असतो, तरी एवढा शिजत नाही." ती हसून म्हणाली, "पाठीवर पोराचा आकडा शिवलाय ना, कोट काढला तर कोण बघणार?" आणि वळून पाठ दाखवली. चव्वेचाळीस. ती केल्विनची आई होती, डॉट रूक. डिंबूलाहून पोराला बघायला आली होती.

शिवण पार कच्ची होती. दुसरा चार एका बाजूला कलला होता. आणि मी तेच काम जन्मभर केलंय, म्हणून मला त्याच्या खालचंही दिसलं. कापडावर जुन्या टाक्यांची छिद्रं होती. तिनाचं पोट, आठाचे दोन्ही गोल. कोणीतरी आधी अडतीस शिवला होता आणि उसवला होता.

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, मी बघत राहिले म्हणून असेल. "डिसेंबरात पोराचा फोन आला, अडतीस मिळतोय म्हणून. ह्यांनी कापड आणलं, मी एका बैठकीत शिवला. चर्चला घालून गेले, दुकानात घालून गेले. सगळ्या गावाला सांगितलं की तिथल्या एका चांगल्या मुलाचा आकडा आमच्या केल्विनकडे आलाय, आता आम्ही तो सांभाळू. मग कळलं, त्या मुलाच्या आईला ते नकोय. गावात विचारायला लागले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमचंच जरा घाईचं झालं. बसून उसवला." मग कोटाची बाही ओढून म्हणाली, "तिचं बरोबर आहे म्हणा. माझा गेला असता तर मीही दिला नसता."

बेरिल माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मला माहीत होतं, पोर हो म्हणाला असता. तो तसाच आहे. आणि ती बाईसुद्धा हसत हसत घरी गेली असती आणि पुन्हा कात्री घेऊन बसली असती. पुन्हा गावाला सांगितलं असतं. एका बाईला मी एकदा उसवायला लावलं होतं. दुसऱ्यांदा उसव, असं कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या मुलासाठी किती वेळा तिने आपल्या मुलाचा आकडा बदलायचा?

मी केल्विनला विचारलं नाही. अडतीस आता कोणी घालणार नाही. कोणी घालत नव्हतं तेव्हा त्यात निदान उद्या कोणी येईल एवढं तरी होतं. ते मी माझ्या हाताने पुसलं, आणि वर त्यांचे आभार मानले. तू खोटं बोललास, पण त्या खोट्यात आपला पोर तीन वर्षं वाट बघत तरी होता. माझ्या खरेपणाने त्याला भिंतीवर टांगला. हे मला आता रोज गिळायचंय.

घराच्या कोपऱ्यापर्यंत आले होते. तू व्हरांड्यात पेपर घेऊन बसला होतास. वाचत नव्हतास, पान उलटत नव्हतं. केस कापून घे. फाटकाला हात लावला, पण मला आत येववेना. तू विचारलं असतंस, काय झालं, आणि मला ते तोंडाने सांगता आलं नसतं. म्हणून लिहितेय. तुझ्यावरचा राग गेलाय, हेही लिहूनच सांगते.

तू मात्र कुंपणाशी जा, लेस. शेडमधून खुर्ची काढ. पोर फार चांगला खेळतो. तू लिहिलंस त्यापेक्षाही चांगला. आता कचरतही नाही. त्याला चव्वेचाळीस म्हणूनच बघ.

मी बोटीला निघायच्या आधी डॉटला म्हटलं, कोट काढा जरा, तो चार नीट करून देते. पर्समध्ये सुईदोरा असतोच. कठड्यावर कोट पसरून मी चार उसवला, सरळ धरला, आणि बारीक टाके घालून पक्का केला. खालची छिद्रं बोटांना लागत होती. कोट देताना ती खूश झाली. म्हणाली, "किती सफाई आहे हो तुमच्या हाताला." मग मैदानाकडे बोट करून, एक आई दुसरीला विचारते तसं तिने विचारलं, "तुमचा यातला कोणता?"

मी म्हटलं, "माझा आज आला नाही."

ग्वेन